हरीसातलं मीठ

रमजान लागला की मी अजून स्वयंपाकघराचं दार लोटून पाणी पिते. इथं येरमाळ्यात तशी काही गरज नाही. आमच्या मागं राहणाऱ्या चाची रोजे धरतात, दिवसभर बांगड्यांचं दुकान उघडं ठेवतात, आणि त्यांच्यासमोर बसून चहा घेतला तरी त्यांना काही वाटत नाही. उलट म्हणतात, "पी की गं, तुझा रोजा हाय का?" तरी माझा हात दाराकडं जातोच.

परवा मुलगी माहेरपणाला आली होती. तिनं ते बघितलं. म्हणाली, "आई, कुवेतहून यून इतकी वर्सं झाली. अजून पाणी चोरून पितीस व्हय?"

मी नुसती हसले. सांगण्यासारखं होतं, पण मला तोंडानं सांगायला जमत नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ आत जाते. चौथीपर्यंत शिकले, तेवढं लिहिता येतं. लिहिताना कुणी तोंडाकडं बघत नाही, म्हणून लिहून ठेवते.

नवरा वारल्यावर मुलीचं शिक्षण पुढं चालावं म्हणून मी कुवेतला एका घरी स्वयंपाकाच्या कामाला गेले. येडशीची एक बाई तिकडं राहून आली होती, तिच्या ओळखीनं गेले. मोठं घर होतं. नवरा-बायको, त्यांची कॉलेजला जाणारी मुलं, आणि नवऱ्याची म्हातारी आई. तिथं कामवाल्या बायका मालकिणीला 'मामा' म्हणतात. पहिल्या दिवशी मला तसं म्हणायला सांगितलं तेव्हा मी खालीच बघत राहिले. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. मी तिला मामा म्हणून हाक मारली की माझा हात आपोआप ओढणी डोक्यावर घ्यायचा. तिला वाटायचं, ही किती अदबीची आहे. पुढं सवय झाली, पण ओढणी डोक्यावर राहिलीच.

म्हातारीला सगळे वेगळ्या नावानं हाक मारायचे. ते मला नीट म्हणता यायचं नाही, म्हणून मी तिला आजी म्हणत होते. तिनं चालवून घेतलं. तिला मधुमेह होता, पाय गेले होते, चाकाच्या खुर्चीवर असायची. तिला भरवणं, धुणंपुसणं माझ्याकडंच होतं.

मला अरबी येत नव्हतं. मामाला हिंदी दहा-बारा शब्दांपुरती यायची. पानी, जल्दी, बस, कल. अडलं की ड्रायव्हरला बोलवायचे. तो केरळचा होता, मुसलमान, तिथं पुष्कळ वर्षं राहिलेला. अरबी फाडफाड बोलायचा. हिंदी मात्र त्याची आणि माझी सारखीच मोडकी.

रमजान यायच्या आदल्या दिवशी त्यानं मला बजावलं, "दीदी, कल से बाहर पानी नहीं पीना. गाड़ी में भी नहीं. पुलिस पकड़ेगा. किचन में पियो, दरवाज़ा बंद करके."

मी म्हणाले, "रोजेवाले पानी भी नहीं पीते?"

तो हसला. "तो फिर रोज़ा क्या है?"

मला चाचींचे रोजे माहीत होते, पण त्या पाणीसुद्धा पीत नाहीत हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं. आमच्या उपासाला साबुदाणा चालतो, भगर चालते, चहा तर दिवसातून कितीदाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मी जेवढं खाते तेवढं इतर वारी खात नाही. इथं ऊन असं की दुपारी खिडकीच्या काचेला हात लावला तर चटका बसायचा, आणि ही माणसं दिवस मावळेपर्यंत कोरडी. घर दुपारी एकदम गप्प व्हायचं. मुलं झोपलेली, टीव्ही बंद. मी फ्रीजच्या आडोशाला उभी राहून पाणी प्यायचे तर घोट गिळल्याचा आवाज मलाच मोठा वाटायचा. नळ हळू सोडायचे. भाकरीच्या ऐवजी तिथली रोटी खायचे, ती चावायला लागू नये म्हणून भाजीच्या रश्श्यात बुडवून मऊ करायची. कुणी काही म्हणत नव्हतं. मामा तर स्वतः विचारायची, जेवलीस का. पण भुकेल्या घरात आपण एकटीनं जेवायचं, हे मला फार जड जायचं.

एकटी म्हणजे, मी आणि आजी. डॉक्टरनं त्या वर्षी तिला रोजे करायला मनाई केली होती. लहान होती तेव्हापासून तिनं कधी सोडले नव्हते, असं ड्रायव्हरनं सांगितलं. तिला वेळेवर गोळी, वेळेवर खाणं द्यावंच लागायचं. मी ताट घेऊन खोलीत गेले की ती आधी दार लावून घ्यायला सांगायची. मग खुर्ची भिंतीकडं वळवून घ्यायची. भिंतीकडं तोंड करून ती खायची, आणि मी बाजूला बसून घास द्यायचे. मला तिचं तोंड दिसू नये असं तिला वाटायचं. घास संपला की हात पुढं करायची, बस. एरवी ती बडबडी होती, माझ्या ओढणीला हात लावून लावून काहीतरी सांगायची. रमजान लागला तशी गप्प झाली.

तिच्या नावानं रोज संध्याकाळी एक पातेलं मशिदीत जायचं. मी ड्रायव्हरला विचारलं, हे कशाला. तो म्हणाला, "अम्मा रोज़ा नहीं रख सकती ना. उसके बदले में ग़रीब को खाना देना पड़ता है. मस्जिद में मज़दूर लोग बैठता है, वो खाता है."

ते ऐकलं आणि माझ्या मनात त्या पातेल्याचं वजन बदललं.

त्यात हरीस असायचा. गहू भिजवून, कांडून, मटणाबरोबर तासन्‌तास शिजवायचे आणि मग घोटायचे. आमच्याकडं हुग्गी करतात, गव्हाची खीर, तसंच काम. फक्त गुळाऐवजी मटण आणि मीठ. गहू ओलवून कांडायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मामानं ते पहिल्या दिवशीच माझ्याकडं सोपवलं.

आता माझी सवय सांगते. आमच्या घरी येडेश्वरीचा नैवेद्य करताना तो चाखत नाहीत. चाखला की उष्टा झाला. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्या तर वाससुद्धा घेऊ द्यायच्या नाहीत. चुलीपाशी बसले की म्हणायच्या, "पदर नाकाला लाव. देवीच्या आधी तुला जेवायचंय का?" पुरणाला गूळ किती, आमटीला मीठ किती, सगळं हाताच्या अंदाजानं. मीठ कमी पडलं तर देवी कमी मिठाचं जेवते. आजवर तिनं कधी तक्रार केली नाही.

त्यामुळं आजीच्या नावाचा तो हरीस मी आपोआप तसाच करायला लागले. ओढणी नाकातोंडाला बांधून. मला वाटलं, मी चांगलंच करतेय.

मामा दुपारनंतर स्वयंपाकघरात यायची. मला तसं बघायची आणि तिच्या कपाळाला आठी पडायची. का, ते मला कळत नव्हतं. एकदा तिनं चमचाभर हरीस घेऊन माझ्या हातात दिला. "मल्ह," म्हणाली. मल्ह म्हणजे मीठ. तिला रोजा असल्यानं चाखता येत नव्हतं, मला नव्हता, म्हणून मी बघावं. एवढं मला समजलं. पण हात वर जाईना. चमचा घेऊन मी तशीच उभी. तिला फोन आला, ती गेली, आणि मी तो चमचा धुऊन ठेवला. पुढंही दोन-तीनदा असंच झालं. तिला वाटायचं मी बघते. मी बघत नव्हते. माझा हात बरोबर होता, आणि चाललं होतं.

मग एका संध्याकाळी मामाच्या सासरचे लोक रोजा सोडायला आले. म्हणून हरीस दुप्पट केला. मामानं त्या दिवशी नव्या पाकिटातल्या मसाल्याच्या वड्या हरीसातल्या मटणाच्या रश्श्यात टाकल्या. त्या वड्यांत मीठ असतं, हे मला माहीत नव्हतं. मी माझं मीठ घातलं. ओढणी बांधलेली, वास नाही, चव नाही.

मशिदीचं पातेलं आधी गेलं. मग बांग झाली, सगळ्यांनी खजूर खाल्ले, लबन प्याले. लबन म्हणजे आपलं ताकच. मग हरीस वाढला. मी दारातून बघत होते. पाहुण्यांमधल्या एका म्हाताऱ्यानं पहिला चमचा तोंडात घातला आणि हळूच पेल्याकडं हात नेला. दुसऱ्यानंही. मामानं चाखलं, आणि तिची नजर सरळ माझ्याकडं आली.

ती आत आली, ड्रायव्हरला मागच्या दारात बोलावलं. त्याच्या हातात अजून खजूर होता. ती भरभर बोलली. त्यानं मला विचारलं, "मामा पूछता, तुम नमक देखा कि नहीं?"

"नहीं देखी."

"क्यों? रोज बोलता है मामा देखने को."

चाचींच्या घरात ऐकलेली हिंदी आठवून मी कसंतरी म्हणाले, "मैं चखी तो खाना झूटा होता भैया. रोजे का खाना. झूटा होता."

त्यानं विचारलं, "झूटा?"

"हां. झूटा."

"तुम झूटा बोला? रोज़े का?"

"हां हां," मी म्हणाले. मला वाटलं, कळलं एकदाचं.

त्यानं मामाला सांगितलं. सांगताना त्याचा आवाज बारीक झाला, आणि त्यात 'चज्ब' असा एक शब्द आला. चज्ब म्हणजे खोटं, हे मला पुढं कळलं. तो ऐकून मामाचा चेहरा असा झाला की तसा मी त्या घरात कधी बघितला नव्हता. ती रागावली नाही. तिनं माझ्या हातातला मोठा चमचा काढून घेतला, ओट्यावर ठेवला आणि बाहेर निघून गेली.

"क्या हुआ भैया?"

"कल तुमको मकतब छोड़ने का बोला." मकतब म्हणजे ज्या ऑफिसनं आम्हाला घरांत लावलं ते. तिथून मग दुसऱ्या घरी, नाहीतर परत. "दीदी, तुम ऐसा क्यों बोला? हमारा रोज़ा झूट है? तुम्हारा नाक बांधना भी मामा रोज देखता था. वो बोला, इसको हमारा खाना गंदा लगता है, और अब रोज़ा भी झूट लगता है."

मी हात जोडले. "नहीं नहीं, वो झूट नहीं. मुंह का झूटा. मुंह लगाया हुआ."

"मुंह का झूट ही तो है," तो म्हणाला. "हमको झूट का एकही मतलब मालूम. अब बात मत बनाओ." आणि पाहुण्यांना सोडायला गेला.

मी भांडी घासली. रोज मला वाटायचं, देवा, कधी एकदा घरी जाते. आणि त्या संध्याकाळी वाटलं, असं जायचं नाही. नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण त्या घरात, आजीच्या जिवाला लागेल असं काही मी बोलले, असं समजून ते लोक मला दारातून बाहेर काढतील, हे मला सहन होणार नव्हतं. आणि ते पुसायला माझ्याजवळ शब्दच नव्हता. त्यांच्या भाषेत उष्ट्याला शब्द आहे की नाही, हेही मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामानं माझी पेटी दाराशी आणून ठेवायला सांगितली. ड्रायव्हर मुलांना आणायला गेला होता, तो आला की निघायचं. पण आजीच्या गोळीची वेळ झाली होती. ते काम तोवर माझंच होतं. मी ताट घेऊन गेले.

आजीला सगळं कळलेलं होतं. तिनं दार लावायला सांगितलं नाही, खुर्चीही वळवली नाही. माझ्याकडं बघून नुसता हात उलटा केला, म्हणजे, का?

ताटात खजूर होते. मला दुसरं काही सुचलं नाही. एक खजूर उचलला, अर्धा दातानं तोडला, आणि उरलेला अर्धा हातावर ठेवून तिच्यापुढं धरला. मग मान हलवून हात झटकन मागं घेतला, स्वतःच्या गालावर चापटी मारली. तो बाजूला ठेवला. दुसरा अख्खा खजूर घेतला, दोन्ही हातांनी धरला, आधी तिच्या जानमाजकडं, नमाजाच्या चटईकडं दाखवला, मग वर छताकडं, मग तिच्यापुढं. ओढणी नाकाला लावून दाखवली आणि पुन्हा वर बोट केलं. मला रडू येत होतं आणि हात थांबत नव्हते. कोणी बघितलं असतं तर म्हणाले असते, हिला वेड लागलं.

मग आजी वाकली. मला वाटलं अख्खा खजूर घेईल. तिनं बाजूला ठेवलेला अर्धा उचलला, माझा उष्टा, आणि तोंडात घातला. माझ्याकडं तोंड करून सावकाश खाल्ला. बी काढून माझ्या हातावर ठेवली.

मग तिनं मामाला हाक मारली. दोघी काय बोलल्या ते मला कळलं नाही. आजीचं बोलणं लांबलं, मामाचं कमी होत गेलं. ड्रायव्हर आल्यावर त्याला आत बोलावलं. त्यानं मला विचारलं, "मामा पूछता, तुम्हारे भगवान का खाना भी तुम पहले नहीं चखता?"

"नहीं भैया. चखे तो वो हमारा बचा हुआ हुआ ना. भगवान को बचा हुआ कैसे देना?"

तो एकदम ओरडलाच. "अरे, एच्चिल! हमारे उधर एच्चिल बोलता है! तुम एच्चिल बोलो ना दीदी, झूट क्यों बोला!"

"मला काय माहीत तुमचं एच्चिल," मी मराठीतच म्हणाले. मामाला शब्द कळला नाही, पण ती हसली, आणि लगेच हसू आवरलं. मग ड्रायव्हर तिला समजावत बसला. एका शब्दासाठी त्याला पुष्कळ शब्द लागले. शेवटी मामानं आणखी एक विचारलं.

"मामा पूछता, फिर भगवान के खाने में नमक ठीक है, कैसे मालूम?"

"नहीं मालूम," मी म्हणाले. "कम हुआ तो कम."

जाताना माझी पेटी मामानं स्वतः ढकलून आत केली.

त्या दिवशी दुपार कलल्यावर आजीनं खुर्ची स्वयंपाकघरात न्यायला लावली. मुलं उठून बघायला आली, कारण रमजान लागल्यापासून ती खोलीबाहेर आली नव्हती. हरीस घोटून झाला होता. आजीनं हात पुढं केला. मी चमचा दिला. तिनं फुंकर घातली, चाखलं, डोळे मिटून जिभेवर घोळवलं. "मल्ह," म्हणाली, आणि दोन बोटांची चिमूट दाखवली. मी चिमूटभर घातलं. पुन्हा चाखलं. "जैन," म्हणाली. बरं आहे.

साऱ्या घरात रोजा नसलेलं घरचं माणूस म्हणजे एकटी आजीच. आईचं उष्टं लेकरं खातातच, त्यात कुणाला काय वाटणार? आणि मशिदीत जायचं ते तिच्याच नावाचं. हे इतकं सरळ होतं, पण तोवर कुणाला सुचलं नव्हतं. तिलाही नाही. ती लपत होती.

त्यानंतर रोज ती यायची. नुसतं मीठ बघून थांबायची नाही, गहू नीट कांडले नाहीत, मटण आधी का घातलं, मामाच्या हातचं काही खरं नाही, असं सगळं चालायचं. मामा मागं उभी राहून डोळे फिरवायची. स्वयंपाकघरातच मी तिला भरवायचे. भिंतीकडं तोंड करणं सुटलं. मी ओढणी नाकाला बांधायचे तर ती मला खूण करायची, नीट बांध, सुटलीय.

शेवटच्या रोज्याच्या दिवशी तिला बरं नव्हतं. साखर वाढली होती, तोंड कोरडं पडलं होतं. मी म्हणाले राहू दे, तर रागावली. चमचा तिनं तोंडाला लावला, त्यातला अर्धा हरीस खाल्ला आणि मान हलवली, जैन. उरलेला अर्धा चमचा तिनं माझ्यापुढं धरला.

मी ओढणी खाली केली आणि खाल्ला.

मीठ कमी होतं. बरंच कमी होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी मान हलवली आणि म्हणाले, "जैन, आजी." ड्रायव्हर दारात उभा होता. त्याच्या हातात मी पातेलं तसंच दिलं, झाकण लावून, आणि तो मशिदीकडं गेला.